हौद्यातला पाचोळा: पिकअपचा वारा कमी करण्याच्या नोंदी

४ ऑक्टोबर, शनिवार

आज हौदा झाडताना पुन्हा तेच दिसलं. सगळा पाचोळा केबिनच्या पाठीला टेकून बसलेला. गाडी पुढे पळते, वारा मागे जातो, मग पानं फाळक्याकडे, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेकडे, जायला हवीत. ती उलटी पुढे का सरकतात? हा प्रश्न दोन वर्षं डोक्यात आहे आणि या कामाची खरी सुरुवात तिथूनच झाली. इंधन वाचेल हे घरच्यांना सांगायचं कारण.

गाडी चार दारांची, हौदा आखूड, आतून दीड मीटर. स्वतःला घातलेल्या अटी तीन: पत्र्याला नवं भोक पाडायचं नाही, बसवलेलं सगळं पान्याने सुटलं पाहिजे, आणि हौदा सामान वाहण्यापुरता शाबूत राहिला पाहिजे.

रात्री कागदावर गणित मांडलं. वाऱ्याचा रोध म्हणजे हवेची अर्धी घनता, गुणिले वेगाचा वर्ग, गुणिले समोरचं क्षेत्रफळ, गुणिले ड्रॅग गुणांक, म्हणजे आकार वाऱ्याला किती अडतो त्याचा आकडा. क्षेत्रफळासाठी गाडीचा फोटो लांबून, झूम करून काढला आणि त्यावर चौकोन आखून मोजले: २.७५ चौरस मीटर. जवळून काढलेला फोटो फसवतो, बोनेट उगाच मोठं दिसतं. गुणांक ०.४५ धरला. पिकअपसाठी हा अंदाज फार वावगा नाही; घनाकृती ठोकळ्याचा १.०५ असतो आणि थेंबाच्या आकाराचा ०.०५च्या आसपास. वजन माझ्यासकट २०५० किलो.

उत्तर असं आलं: ताशी १०० किलोमीटरला वारा सुमारे ५७५ न्यूटनने मागे ओढतो, टायर २२० न्यूटनने. ताशी ५०ला वारा १४४वर येतो, टायर मात्र तिथेच. म्हणजे साठ-बासष्टच्या खाली टायर भारी, वर वारा. गावात फिरणाऱ्या गाडीला हा सगळा उद्योग करून काही मिळणार नाही, हे आधीच लिहून ठेवतो. माझं निम्म्याहून जास्त चालवणं हमरस्त्यावरचं आहे म्हणून हात घातला.

११ ऑक्टोबर

मूळ मोजमाप. पहाटे, रस्ता रिकामा आणि सरळ, हवा २२ अंश, झाडाचं पान हलत नव्हतं. पद्धत साधी: १०५पर्यंत वेग न्यायचा, न्यूट्रल करायचं आणि १००वरून ८०वर यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. रोध जितका कमी तितके सेकंद जास्त. इंजिन चालूच ठेवायचं. बंद केलं तर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदत दोन-तीन दाबांत संपते. वेग मीटरवरून नाही, फोनच्या जीपीएसवरून. गाडीचा मीटर थोडा वाढवून दाखवतो. घड्याळ भाच्याकडे.

सहा वेळा जाताना, सहा वेळा येताना. जाताना सरासरी १८.३, येताना १५.९. रस्ता डोळ्याला सपाट दिसतो, घड्याळाला नाही. दोन्हींची सरासरी १७.१ सेकंद. हा माझा शून्याचा दगड.

१२ ऑक्टोबर

फाळका उघडा ठेवला तर वारा आरपार जातो आणि गाडी कमी पिते, असं सांगणारे मला आजवर डझनभर तरी भेटलेत. मोजलं. बंद: १७.१. उघडा: १६.९. इतका फरक माझ्या मोजणीच्या चुकीतच बसतो, त्यामुळे उघडा फाळका वाईटच असं म्हणत नाही. फायदा मात्र नाहीच. केबिनवरून आलेला वारा बंद हौद्यात एक गोल फिरणारा भोवरा करतो आणि वरचा प्रवाह त्या भोवऱ्याच्या पाठीवरून निघून जातो. फाळका पाडला की तो भोवरा मोडतो.

पाचोळ्याचं उत्तर इथेच असावं असं वाटतंय. डोळ्यांनी बघायचंय.

१८ ऑक्टोबर

पुढच्या बंपरखाली रबरी पट्टा लावला. दहा सेंटीमीटर रुंद, मागून अ‍ॅल्युमिनियमचा एल-अँगल, बंपरच्या मूळच्याच बोल्टांवर. गाडीचं पोट खडबडीत असतं: अ‍ॅक्सल, सायलेन्सर, आडवे पाइप. त्यात घुसणारा वारा पट्ट्याने कमी होतो. रबर यासाठी की गतिरोधकाला घासलं तर वाकून परत यावं.

दुपारी चाचणी घेतली. १८.३ सेकंद! मूळपेक्षा सव्वा सेकंद जास्त. एका रबरी पट्ट्याने? घरी येऊन सगळ्यांना सांगून टाकलं.

१९ ऑक्टोबर

सांगायची घाई झाली.

रात्री झोपताना आठवलं की परवा टायरमध्ये हवा भरली होती, ३२वरून ३६. आणि काल दुपारी हवा ३४ अंश होती. गरम हवा विरळ असते. दहा-बारा अंशांच्या फरकाने घनता तीन-चार टक्के उतरते आणि तितकाच वाऱ्याचा रोध. आज पुन्हा दुपारीच गेलो, त्याच टायरांवर. पट्टा काढून १८.०. लावून १८.३. म्हणजे सव्वा सेकंदातला ०.३ पट्ट्याचा, बाकी हवेचा. टायरमधल्या हवेचा आणि बाहेरच्याही.

आजपासून नियम: टायर थंड असताना ३६, टाकी अर्धी, आणि प्रत्येक बदल लावून-काढून-लावून, एकाच तासात. पहिली आणि तिसरी फेरी जुळली नाही तर तो दिवस रद्द. त्यामुळे ११ तारखेचा शून्याचा दगडही थेट तुलनेला बाद, टायर वेगळे होते. तो गणिताने सुधारून वापरावा लागेल.

ताईला फोन करून सव्वा सेकंद मागे घेतला. ती म्हणाली, “तू चौथीतही उत्तर आधी लिहायचास आणि रीत मागून.”

२५ ऑक्टोबर

जाळी. पुढच्या जाळीचा वरचा अर्धा भाग आतून प्लास्टिकच्या शीटने बंद केला, केबल टायवर. रेडिएटरमधून जाणारा वारा वेडावाकडा होऊन बाहेर पडतो, त्यात शक्ती जाते. नव्या गाड्यांत यासाठी आपोआप उघडझाप करणाऱ्या पट्ट्या येतात.

इथे एकच धोका आणि तो मोठा. डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या सुईवर विसंबू नये. बऱ्याच गाड्यांत ती मुद्दाम मध्यावर चिकटवून ठेवलेली असते आणि पाणी खरोखर तापेपर्यंत हलत नाही. ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या संगणकातले आकडे वाचायची खोबण) रीडर लावून खरा आकडा बघितला: चढावर ९१ होता, जाळी झाकल्यावर ९६. चालेल. ओझं घेऊन चढ असेल त्या दिवशी शीट काढायची. सेकंदांत फरक जेमतेम.

पुढच्या कोपऱ्यांना मी हातच लावणार नाही. नासाच्या ड्रायडन केंद्रात १९७०च्या दशकात एका चौकोनी डबा-व्हॅनवर पत्रे ठोकून प्रयोग झाले होते. नुसत्या धारदार कडा गोल केल्यावर ड्रॅग निम्म्याच्या आसपास कमी झाला. पण माझ्या गाडीचे पुढचे कोपरे कारखान्यातूनच गोल आलेत. ती कमाई आधीच झालेली आहे. उरलंय ते मागे.

१ नोव्हेंबर

चाकांवर सपाट चकत्या, पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या. मध्ये फुगीर, कडेला तीन क्लिपा आणि एक सुरक्षा तार. ब्रेकला हवा मिळावी म्हणून परिघावर एक बोटभर फट. फायदा ०.२. दिसायला गाडी बंब वाटते.

८ नोव्हेंबर

आजचा दिवस या सगळ्या कामातला सगळ्यात मजेचा.

लोकरीचे दहा सेंटीमीटरचे दोनशेच्या वर तुकडे केले आणि कागदी टेपने गाडीवर चिकटवले: टपावर, दारांवर, हौद्याच्या बाजूंवर, फाळक्याच्या आतबाहेर, हौद्याच्या तळावर. ताईने शेजारच्या लेनमधून तिची गाडी चालवली, भाचा मागच्या सीटवरून चित्रण करत होता. वेग ८०, दोन लेनचं अंतर. जवळून चाललं तर दुसऱ्या गाडीचा वारा धागे हलवतो.

चित्रण हळू करून बघितलं. टपावरचे धागे विंचरल्यासारखे सरळ मागे. दारांवरचेही, फक्त आरशामागे एक पट्टा थरथरतो. टपाच्या मागच्या कडेला शेवटची ओळ पिसाळलेली. आणि हौद्याच्या तळावरचे धागे? सगळे पुढे तोंड करून. केबिनकडे!

भाचा म्हणाला, “मामा, गाडी रिव्हर्समध्ये होती का?”

पाचोळ्याचं उत्तर मिळालं. टपावरून सुटलेला प्रवाह फाळक्याजवळ खाली उतरतो, त्यातला काही हौद्यात शिरून तळावरून उलटा पुढे येतो, केबिनच्या पाठीला आपटून वर चढतो. पानं त्या उलट्या वाऱ्यावर बसून पुढे जातात. मी दोन वर्षं पानांना दोष देत होतो.

या भोवऱ्याला फिरवायला शक्ती लागते ती माझ्या इंजिनातून येते. पट्टा, जाळी, चकत्या यांनी मिळून जे दिलं त्याहून जास्त या खड्ड्यात पडलंय. आता झाकण.

९ नोव्हेंबर

नुसतं सपाट झाकण घातलं तर थोडा फायदा होतो, हे बऱ्याच चाचण्यांतून दिसलंय. पण टपाच्या कडेला प्रवाह तुटतो तो तुटतोच. त्याला हाताला धरून खाली आणायचं तर टपापासून मागे उतरतं छप्पर हवं.

मापं घेतली. टपाची मागची कड फाळक्याच्या माथ्यापेक्षा ५२ सेंटीमीटर उंच. हौदा १५० लांब. टपापासून फाळक्यापर्यंत सरळ दोरी ओढली, कोनमापक लावला: १९ अंश.

१५ नोव्हेंबर

पुठ्ठ्याचा नमुना. फ्रिजच्या खोक्याचे दोन मोठे तुकडे, खाली लाकडी पट्ट्या, वर धागे. ६०च्या पुढे जायचं नाही असं ठरवून निघालो.

पुढच्या अर्ध्या भागातले धागे सरळ. मागच्या अर्ध्यात कधी सरळ, कधी गोल, कधी उलटे. दर दोन-तीन सेकंदांनी मत बदलणारे. छप्पर होतं, पण वारा त्याला मानत नव्हता.

१६ नोव्हेंबर

पावसाची भुरभुर, पुठ्ठा ओला. घरी बसून वाचन.

१९८४ साली अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाडीसारख्या एका साध्या ठोकळ्याच्या मागच्या उताराचा कोन बदलत ड्रॅग मोजला होता. तो ठोकळा आजही अभ्यासात ‘अहमद बॉडी’ म्हणून वापरतात. साडेबारा अंशांच्या आसपास ड्रॅग सगळ्यात कमी. पुढे कोन वाढवला की वाढत जातो, कारण उताराच्या दोन्ही कडांवरून पिळाचे भोवरे तयार होतात. ३० अंशांवर कळस, आणि त्यापुढे प्रवाह पूर्ण सुटून ड्रॅग पुन्हा उतरतो. माझे १९ अंश म्हणजे मधल्या चढावर, आणि टपाची माझी कड काही त्या ठोकळ्याइतकी नेटकी नाही.

मग फाळक्यापर्यंत पोचायचा हट्ट कशाला? १२ अंशांनी १५० सेंटीमीटरमध्ये ३२ सेंटीमीटर उतरतं. उरलेले २० तसेच सोडायचे, मागे उभी पाटी. १९३०च्या दशकात वुनिबाल्ड काम या जर्मन अभियंत्याने हेच म्हटलं होतं: थेंबाची सगळी शेपटी काढत बसू नका, आकार पुरेसा निमुळता झाला की सरळ कापा, कापल्याने नुकसान थोडंच होतं. मी आधी वाचून मग पुठ्ठा कापायला हवा होता. रीत मागून.

२२ आणि २३ नोव्हेंबर

सांगाडा अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी नळीचा, पॉप रिव्हेट आणि कोपऱ्यांना त्रिकोणी पट्ट्या. वर पन्हळी प्लास्टिकची शीट, जाहिरातीच्या फलकांना असते ती, सहा मिलिमीटरची. पन्हळी लांबीच्या दिशेने ठेवल्या म्हणजे आडवी बाकदार वाकते आणि लांबीत ताठ राहते. टपालगत पहिला फूटभर फक्त पाच-सहा अंश, मग हळूहळू बारा. एकदम कोन दिला की वारा तिथेच हात सोडतो.

एक गोष्ट भाच्याने वेळेवर लक्षात आणून दिली. मी झाकणाची पुढची कड केबिनला बोल्ट करणार होतो. पण पिकअपमध्ये केबिन आणि हौदा चासीवर वेगवेगळे बसतात आणि खड्ड्यात वेगवेगळे हलतात. दोघांना एकत्र बांधलं असतं तर पहिल्याच खड्ड्यात काहीतरी फाटलं असतं. आता झाकण फक्त हौद्याला, चार बोल्टांवर; केबिनशी दोन सेंटीमीटर फट आणि तिच्यात मऊ रबरी बीडिंग.

वजन २८ किलो. मागच्या पाटीत पारदर्शक पॉलिकार्बोनेट, नाहीतर आतल्या आरशात काही दिसणार नाही. केबिनच्या माथ्यावरचा तिसरा ब्रेक दिवा झाकला जातो, म्हणून तसाच दुसरा झाकणाच्या कडेला लावून वायर ओढली. नंबरप्लेट आणि मागचे दिवे मोकळे आहेत याची चालून, लांबून खात्री केली.

२९ नोव्हेंबर

४० ठीक. ६० ठीक. ८०ला फडफड सुरू, ९०ला ढोलासारखा आवाज. थांबलो. शीट मधोमध वर उचलली जात होती. उतारावरून वळणाऱ्या वाऱ्याचा दाब बाहेरच्या बाजूने कमी असतो, आतल्या स्थिर हवेचा जास्त. झाकण खाली दाबलं जात नाही, वर ओढलं जातं. हे मला माहीत होतं आणि तरी मी आधार खालून दिले होते, जणू वर कोणी बसणार आहे.

३० नोव्हेंबर

दोन आडव्या नळ्या वाढवल्या, शीट त्यांना मोठ्या वॉशरांसकट रिव्हेट केली. प्रत्येक बोल्टाला नायलॉनचा लॉकनट. शिवाय दोन पट्टे हौद्याच्या कड्यांना, निव्वळ भीतीपोटी. ते काढणार नाही. मागच्या गाडीवर माझं झाकण जाऊन पडणं ही प्रयोगातली चूक म्हणून खपणारी नाही.

११० पर्यंत शांत.

६ डिसेंबर

पुन्हा लोकर, पुन्हा ताईची गाडी. वरचे धागे शेवटपर्यंत सरळ. पाहून मी गप्पच बसलो थोडा वेळ. बाजूंना मात्र गडबड: उतार आणि उभी बाजू जिथे मिळतात त्या धारेवर धागे पिळासारखे फिरत होते. अहमदच्या ठोकळ्यावरचे तेच भोवरे, लहान आवृत्तीत. झाकणाच्या बाजू मागे जाताना प्रत्येकी पाच सेंटीमीटर आत घेतल्या आणि धारेवर अर्धी चिरलेली प्लास्टिक नळी बसवून गोल केली. संपूर्ण गेले नाहीत, बारीक झाले.

ताईच्या मैत्रिणीच्या नवऱ्याने टपाच्या मागच्या कडेवर, वारा उताराला चिकटून राहावा म्हणून लावतात त्या छोट्या पंखुड्या लावायचा सल्ला पाठवलाय. मित्सुबिशीने लॅन्सरच्या टपावर त्यांचा अभ्यास केला होता आणि गुणांकात कमाई ०.००६ची. माझ्या स्टॉपवॉचला ते दिसणारही नाही, आणि ज्या उतारावर वारा आधीच चिकटलाय तिथे त्यांना कामच नाही.

१३ डिसेंबर

पोटाखालची शीट. इंजिनपासून गिअरबॉक्सच्या पुढपर्यंत तीच पन्हळी शीट, तेल सोडायच्या नटाखाली झडप. वीस किलोमीटरनंतर जळका वास. सायलेन्सरच्या पाइपजवळ शीट लोण्यासारखी लोंबत होती. हे प्लास्टिक १६०च्या पुढे वितळतं, पण मऊ त्याच्या खूप आधी पडतं. पाइपच्या बाजूची रुंद पट्टी कापून तिथे अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, मध्ये चार बोटं मोकळी हवा. उत्प्रेरकाखाली (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा तापट डबा) आणि गिअरबॉक्सखाली काहीच नाही. त्यांना वारा लागतोच.

२० डिसेंबर

पहाट, १६ अंश, वारा नाही. झाकण लावून १९.५. काढून १७.९. पुन्हा लावून १९.४.

ऑक्टोबरची उघडी गाडी आजच्या थंड, दाट हवेत १६.९वर आली असती, असं घनतेचं गणित सांगतं. टायरच्या हवेची सवलत वेगळी वजा केली तरी वाऱ्याचा रोध पंधरा-सोळा टक्क्यांनी उतरलाय, आणि त्यातला मोठा वाटा एकट्या झाकणाचा. पट्टा, चकत्या, जाळी, पोट ही चौघं मिळून उरलेल्यात.

टाकी ते टाकी, हमरस्त्यावर स्थिर ९५-१००: आधी लिटरला ११.२ किलोमीटर होतं, गेल्या तीन टाक्यांचं सरासरी १२.३. रोधाइतकी टक्केवारी इंधनात उतरत नाही, टायर आणि इंजिनाचं स्वतःचं घर्षण आपला वाटा घेतंच. शहरात फरक शून्य.

२७ डिसेंबर

राहिलेली कामं: रबरी बीडिंगमधून पाणी झिरपतं, कोपऱ्यात सिलिकॉन. मागच्या पॉलिकार्बोनेटवर आतून दव धरतं, वरच्या कडेला दोन लहान भोकं. उजव्या चकतीची एक क्लिप सैल. दारावरच्या टेपचा चिकटपणा निघता निघत नाही, रॉकेलने पुसून बघायचा.

ताईला उद्या कपाट न्यायचंय. उभं जाणार, म्हणजे झाकण उतरवायला हवं. दोन माणसं, चार बोल्ट, दोन पट्टे, दिव्याचा एक कनेक्टर. घड्याळ लावलं होतं: अकरा मिनिटं.